पहिला कागद

मुलगा आठ वर्षांचा होता. मान जराशी वाकडी धरून तो बाकाच्या टोकाला बसला होता आणि आईने पुढे केलेलं पाणी नको म्हणत होता. गिळताना दुखत होतं. गळ्याच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला लालभडक, तापलेली सूज होती आणि तिच्या आजूबाजूला जुन्या चिऱ्यांचे तीन व्रण.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयातली कान-नाक-घशाची ओपीडी. पितृपक्षातला सोमवार. बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेलेली. तपासायला बसलेला निवासी डॉक्टर दुसऱ्या वर्षाचा, हुशार, हाताला चपळ. त्याने सूज चाचपली, अंगाला हात लावून पाहिला.

"कधीपासून आहे?"

"चार दिस झाले. आदी सर्दी झालती."

"याआधी इथे चिरा दिलाय ना?"

"लई बारी दिलाय, सायेब." आईने काखेतली पिशवी पुढे केली. "ह्यात समदं हाये."

कापडाच्या दुकानातली जुनी पिशवी, एक बंद तुटलेला, त्याला गाठ मारलेली. डॉक्टरने ती हाताने बाजूला सारली. "जुने कागद राहू द्या, ताई. आत्ता काय होतंय तेवढं सांगा." केसपेपरवर त्याने लिहिलं: मानेत गळू, भरती, सकाळी चिरा देऊन पू काढणे.

त्याचं वागणं उद्धट नव्हतं. सरकारी ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्या वेळात समोर दिसणाऱ्या सुजेवर उपचार ठरवता येतो, पण चार वर्षांची हकीकत ऐकून होत नाही. तरीही रोज शेकडो माणसं अशा पिशव्या काखेला मारून येतात, आणि त्या पिशव्या बहुधा न उघडता घरी परत जातात. मला वाटतं, आपल्या आरोग्यसेवेतली सगळ्यात मोठी न वाचलेली कागदपत्रं याच पिशव्यांमध्ये पडून आहेत.

संध्याकाळी विभागप्रमुख मॅडम राउंडला आल्या. निवासी डॉक्टरने सवयीने सांगितलं, "आठ वर्षांचा मुलगा, मानेत डावीकडे गळू, चार दिवसांचा ताप. उद्या सकाळी चिरा." मॅडमनी मुलाचा गळा पाहिला. व्रणांवरून बोट फिरवलं. मग आईकडे वळून विचारलं, "याआधी कधी उजव्या बाजूला आलं होतं का?"

"न्हाई. दर बारीला डावीकडंच. उजवीकडं एकदा बी न्हाई."

निवासी डॉक्टर गप्प राहिला. हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता.

"द्या बरं ती पिशवी," म्हणत मॅडम खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या.

कागद खाटेवर मांडले गेले. औषधाच्या दुकानांच्या पावत्या, खाजगी दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, घामाने एकमेकांना चिकटलेले एक्स-रे. निम्म्या चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती. आईला अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येक कागद कुठला ते तिला ठाऊक होतं. ही माणसं ऊसतोडीची. बीड जिल्ह्यातलं गाव, दसऱ्यानंतर गाडी भरून निघायचं, हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायचं. तिचं कॅलेंडर त्या फिरतीचं होतं.

"हा वारणेकडला. तवा ह्यो चार वर्साचा. कोपीत व्हतो, रातीतून गळा सुजला. तितल्या डाक्टरनं सुई टोचली, मंग आपसूक फुटलं." तिने दुसरी चिठ्ठी उचलली. "हा गावाकडला, पोळ्याच्या आदला. पयला चिरा ह्याच टायमाला." मग औषधांची रिकामी पाकिटं जपून ठेवलेला एक जाड लिफाफा. "ह्या टीबीच्या गोळ्या. सा म्हैने दिल्या. ह्या गोळ्यांनी पोराची लघवी लाल व्हायची."

"गोळ्या चालू असताना परत सूज आली होती?"

"व्हय की. गोळ्या चालू हुत्या, चौथा म्हैना असंल. सर्दी झाली अन् परत आलं. तवा दुसरा चिरा दिला."

मॅडम निवासी डॉक्टरला म्हणाल्या, "लिही." तो लिहू लागला. कागद ऋतूप्रमाणे एकाखाली एक लागत गेले. सातव्यांदा सूज आली होती. सातही वेळा डावीकडे, सातही वेळा सर्दी-पडशानंतर, दोन-तीन दिवसांत वाढलेली, कडक ताप, गिळताना दुखणं, आणि पू निघाला किंवा प्रतिजैविकं दिली की आठवड्यात साफ बरी. पुवाच्या दोन तपासण्यांत क्षयाचा जंतू सापडला नव्हता. सापडले होते ते तोंडात आणि घशात एरवी राहणारे जंतू.

"क्षयाची गाठ अशी येते का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम. ती आठवड्या-आठवड्यांनी वाढते. फारशी दुखत नाही, तापलेली नसते."

"मग सहा महिने गोळ्या का दिल्या असतील?"

"मानेत गाठ, गरीब घर, हाडकुळं मूल. आपल्याकडे आधी क्षयच आठवतो."

"आठवायलाच हवा," मॅडम म्हणाल्या. "मानेतल्या ग्रंथींचा क्षय आपण रोज पाहतो, त्यामुळे शंका घेणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण गोळ्या चालू असताना सूज परत आली, तेव्हा तरी कुणी थांबायला हवं होतं."

तळाशी एक घडी घातलेला कागद होता. वर कानडी अक्षरांत छापलेलं नाव. एका वर्षी टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली होती, तिथल्या सोनोग्राफीचा तो रिपोर्ट. घडीच्या खुणांवरून कळत होतं की तो बऱ्याच वेळा उघडला गेला होता. पण वरची कानडी पाहून प्रत्येकाने तो परत ठेवून दिला असावा. निवासी डॉक्टरनेही तो बाजूला ठेवायला उचलला आणि मग त्याचं लक्ष खाली गेलं. मजकूर इंग्रजीत होता. थायरॉईड ग्रंथीचा डावा भाग सुजलेला, त्याच्या वरच्या टोकाशी पू, आणि पुवात हवेचे बुडबुडे.

त्याने तो कागद मॅडमच्या हातात दिला. त्याला पुढचं सुचलं होतं, पण शब्द जुळत नव्हते.

"थायरॉईडमध्ये पू," मॅडम म्हणाल्या. "किती वेळा पाहिलास?"

"एकदाही नाही."

"का दिसत नाही?"

तो आठवून सांगू लागला. थायरॉईडला स्वतःचं आवरण असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, आत आयोडीन असतं. जंतू तिथे सहसा टिकत नाहीत. म्हणजे लहान मुलाच्या थायरॉईडमध्ये पुन्हा पुन्हा, तेही एकाच बाजूला, पू होत असेल तर जंतूंना आत यायला कुठूनतरी वाट असली पाहिजे. आणि हवा बाहेरून येत नाही. ती घशातून येते.

यापुढचं मी मॅडमच्या शब्दांत सांगत नाही, कारण त्या खाटेशेजारी निम्मं आईसाठी मराठीत आणि निम्मं विद्यार्थ्यासाठी वैद्यकाच्या भाषेत बोलत होत्या. पण विषय समजून घेण्याजोगा आहे. गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी तयार होतात. कमानींच्या मधे बाहेरून खाचा पडतात आणि आतून कप्पे. या साऱ्यातून पुढे जबडा, कानाचे भाग, स्वरयंत्र, थायमस आणि पॅराथायरॉईड ग्रंथी घडतात. काम झालं की बहुतेक खाचा आणि कप्पे बुजून जातात. एखादा पुरता बुजला नाही तर जन्मापासून तिथे बंद गाठ राहते किंवा बारीक नळी.

त्यातली सर्वांत जास्त आढळणारी गाठ दुसऱ्या कमानीशी जोडलेली असते. मानेच्या मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेला, मऊ, पाण्याने भरलेली, बहुधा न दुखणारी. अनेकदा ती विशी-तिशीत एखाद्या सर्दीनंतर एकदम वर येते. हे पुस्तकातलं चित्र, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. अडचण इतर रूपांची होते. पहिल्या कमानीची चूक जबड्याच्या कोपऱ्याशी सूज देते, किंवा कानाचा पडदा धड असताना कान वाहत राहतो, आणि चेहऱ्याची नस तिला खेटून गेलेली असते. जिभेच्या मुळाशी राहिलेली गाठ नवजात बाळाचा श्वास कोंडते, आणि बाहेरून मानेवर काहीच दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ "जन्मजात आहे" म्हणून सोडून देणं धोक्याचं असतं. टॉन्सिलच्या किंवा थायरॉईडच्या कर्करोगाची पसरलेली गाठही तशीच पाण्याने भरलेली असू शकते. म्हणून आधी सुईची तपासणी आणि घसा नीट पाहणं. दिसायला एकच मऊ सूज, पण कुणाच्या मानेत, कुठल्या वयात आणि कितव्यांदा, यावर तिचा अर्थ बदलतो.

या मुलाची चूक तिसऱ्या-चौथ्या कमानीतली होती. स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना एकेक खोलगट जागा असते. गिळलेला घास तिथूनच खाली उतरतो. डाव्या खोलगटाच्या तळाशी भोक राहिलं होतं आणि तिथून निघालेली नळी थायरॉईडच्या डाव्या भागापर्यंत पोचत होती. सर्दी झाली, घसा सुजला की लाळ आणि जंतू त्या नळीत उतरायचे. अशा दहातल्या नऊ नळ्या डाव्याच बाजूला असतात. गर्भातल्या चौथ्या कमानीची डावी रक्तवाहिनी महाधमनीचा भाग होते आणि उजवी हाताकडे जाते, या फरकामुळे असं होत असावं, असं मानतात. थायरॉईडमध्ये होणारा पू आणि घशातलं हे भोक यांचा संबंध १९७९ साली ताकाई, मियाउची आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. त्याआधीही कुणीतरी ती सूज चिरत होतं आणि ती पुन्हा येत होती.

आई हे सगळं कान देऊन ऐकत होती. नळीचं चित्र मॅडमनी पुठ्ठ्यावर काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी वल भितीला दिसतीया, अन् पाणी मोरीतून येतंय."

"अगदी तसंच."

"अन् आमी चार वर्सं भितच खरवडीत बसलो."

सकाळचा चिरा रद्द झाला. शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली. पू फार होता तेवढा जाड सुईने ओढून काढला. चौथा व्रण पडला नाही. पण खरा उपचार लगेच करता येत नव्हता. सूज असताना नळीचं तोंड मिटून जातं आणि तपासणीत काहीच दिसत नाही. बेरियम पाजून एक्स-रे काढायचा तर आत सगळं शांत व्हायला हवं. सहा ते आठ आठवडे.

मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आई काहीच बोलली नाही. बोलला तो बाप, जो दिवसभर व्हरांड्यात बसून होता. "दसऱ्यानंतर गाडी हाये, बाई. मुकादमाची उचल घेतलीय. दोघांचा मिळून एक कोयता. हिला मागं ठिवली तर कोयता मोडतोय."

निवासी डॉक्टरच्या मनात पटकन आलं की पोराच्या जिवापेक्षा उचल मोठी का. मॅडमनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, बोलू नकोस. उचल फिटेपर्यंत त्या घराला दुसरी वाट नसते, हे त्यांना माहीत होतं. पुढचे सहा महिने हे मूल उसाच्या फडात, कुठल्यातरी जिल्ह्यात, कुठल्यातरी नव्या डॉक्टरपुढे असणार होतं. तिथे पुन्हा सर्दी, पुन्हा सूज, पुन्हा तीच दोन-तीन मिनिटं.

"तू लिही," त्या निवासी डॉक्टरला म्हणाल्या. "एकच पान. दोन मिनिटांत वाचून होईल असं."

त्या रात्री त्याने चार वेळा मजकूर लिहिला आणि खोडला. पहिल्या खेपेला पान भरून वैद्यकाचे शब्द उतरले होते, ते त्याने फाडलं. शेवटी उरलं ते असं: "या मुलाला घशातून थायरॉईडकडे जाणारी जन्मजात नळी असण्याची दाट शक्यता आहे. सूज नेहमी डावीकडे आणि सर्दीनंतर येते. आतापर्यंत सात वेळा. क्षयाचा उपचार पूर्ण झाला आहे, उपचार चालू असतानाही सूज आली होती, क्षयाचे जंतू सापडलेले नाहीत. पुन्हा सूज आली तर कृपया चिरा देऊ नये. प्रतिजैविक द्यावं, पू फार असेल तर सुईने काढावा, श्वासाला त्रास असेल तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवावं. उपचार आमच्याकडे ठरलेला आहे." खाली औषधांची नावं, मात्रा, मुलाचं वजन आणि विभागाचा फोन. पाठीमागे तोच मजकूर इंग्रजीत, टोळी कर्नाटकात गेली तर. अक्षर त्याने मुद्दाम मोठं काढलं. पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि पिशवीत सगळ्यांच्या वर ठेवलं.

"ताई, आता पिशवी पुढे करायची नाही," त्याने सांगितलं. "हा एकच कागद हातात द्यायचा. आधी कागद, मग बोलणं."

आईने तो कागद उलटसुलट करून पाहिला. कुठली बाजू वर ते तिने विचारून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात काजळाचा ठिपका लावला, उलटा दिला जाऊ नये म्हणून.

जानेवारीत फोन आला. कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून, एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा. थंडीने सर्दी झाली होती आणि गळा सुजला होता. "खरं सांगतो," ते म्हणाले, "कागद नसता तर मी चिराच दिला असता. समोर गळू दिसतंय. औषध सुरू केलंय. दोन दिवसांनी परत बोलावलंय. अजून काही करू का?" निवासी डॉक्टरने मॅडमना विचारून उत्तर दिलं. आठवड्यात सूज उतरली. मुलगा परत फडात गेला आणि वाढ्यांच्या भाऱ्यांवर बसून खेळू लागला.

पट्टा पडला एप्रिलच्या सुरुवातीला. गावी पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी आई मुलाला घेऊन हजर झाली.

बेरियमचा एक्स-रे काढताना मुलाला उभं करून पांढरा, दाट, बेचव घोट गिळायला लावतात आणि पडद्यावर पाहतात. दोन घोट सरळ खाली उतरले. तिसऱ्या घोटाला डाव्या बाजूने एक बारीक रेघ मुख्य धारेपासून फुटली आणि खाली जाऊन थांबली. निवासी डॉक्टर पडद्याच्या इतका जवळ गेला की तंत्रज्ञाने त्याला मागे सरायला सांगितलं. चार वर्षं, सात-आठ सुजा, तीन चिरे, सहा महिन्यांच्या गोळ्या, आणि कारण एवढंसं.

चार दिवसांनी मुलाला भूल दिली. तोंडावाटे दुर्बीण खाली नेऊन मॅडमनी डाव्या खोलगटाचा तळ दाखवला. तिथे भोक दिसत होतं. बाहेरून गळ्यावर हलकेच दाबल्यावर त्यातून पुवाचा थेंब आला. आधी नळी काढण्यासाठी मान उघडून शस्त्रक्रिया करत असत, आणि काही ठिकाणी अजूनही करावी लागते. पण वारंवार झालेल्या पुवाने आतली मांसं एकमेकांना चिकटलेली असतात आणि आवाजाची नस अगदी शेजारून जाते. म्हणून आता बहुतेक ठिकाणी आधी आतून भोकाचं तोंड विजेने किंवा आम्लाने जाळून पाहतात. व्रण होतो, व्रण भरताना तोंड बुजतं, वाट बंद. मॅडमनी टोक लावलं, थोडा धूर आला, झालं. दुसऱ्या दिवशी मुलगा पातळ वरण प्याला आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराशी भांडला. आवाज खणखणीत होता.

"आता पुन्हा येणार नाही?" बापाने विचारलं.

"बहुतेक नाही," मॅडमनी सांगितलं. "कधी कधी एका वेळेत पुरतं बुजत नाही, मग पुन्हा जाळावं लागतं. पावसाळ्यात सर्दी होईल तेव्हा लक्ष ठेवा. वर्षभर मधूनमधून दाखवायला या."

पावसाळ्यात सर्दी दोनदा झाली. गळा सुजला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण पुढच्या पितृपक्षात तीच बाई पुन्हा ओपीडीत आली. सोबत जाऊ आणि जावेची दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या गळ्यात अगदी मधोमध, हनुवटीखाली, न दुखणारी गाठ होती. दुसरीकडच्या एका डॉक्टरने गाठ काढायची तारीखही दिली होती. जाऊ बोलायला लागली तशी बाईने तिला थांबवलं आणि कागद आधी टेबलावर ठेवले. सालाप्रमाणे लावलेले, सगळ्यांत नवा वर.

निवासी डॉक्टर आता तिसऱ्या वर्षाला होता. त्याने मुलीला जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेबरोबर गाठ वर सरकली. असं दिसलं की पहिलं नाव डोक्यात येतं ते थायरोग्लॉसल गाठीचं. गर्भात थायरॉईड जिभेच्या मुळाशी जन्मते आणि गळ्यातून खाली उतरते. उतरताना जी वाट ती आखते, ती बुजली नाही तर मधोमध अशी गाठ राहते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन सिस्ट्रंक यांनी १९२० साली तिची शस्त्रक्रिया मांडली. नुसती गाठ न काढता तिच्या वाटेतला कंठास्थीचा मधला भागही काढायचा, जिभेच्या मुळापर्यंत वाट साफ करायची. नुसती गाठ काढली तर ती अनेकांमध्ये परत येते, हे सर्जनांनी फार वेळा अनुभवलं होतं. ही शस्त्रक्रिया निवासी डॉक्टरला येत होती. हात शिवशिवत होते आणि तारीख तर ठरलेलीच होती.

त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून पाहिले. रक्ताचा रिपोर्ट होता, छातीचा एक्स-रे होता. गळ्याची सोनोग्राफी नव्हती.

"ताई, ही वर्गात कितव्या रांगेत बसते?"

"पयल्या. उंची भरंना. तिच्या पाठची बहीण तिच्यापेक्षा उंच झालीया."

"शाळेत कशी आहे? थकते? थंडी जास्त वाजते? पोट साफ होतं?"

जाऊ एकेकाला मान हलवत गेली. थकते, दोन-दोन चादरी लागतात, पोट चार-चार दिवस साफ होत नाही. हे सगळं तिला वेगळं वेगळं माहीत होतं. गळ्याच्या गाठीसाठी आलेल्या माणसाने पोटाबद्दल सांगावं, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शस्त्रक्रिया पुढे ढकलून त्याने आधी सोनोग्राफी मागितली. गाठीत पाणी नव्हतं, ती भरीव होती. आणि गळ्याच्या खालच्या भागात, जिथे थायरॉईड असायला हवी, तिथे काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात किरणोत्सारी द्रव्याची तपासणी झाली, तीही तेच सांगत होती. मुलीच्या शरीरातली सगळी थायरॉईड त्या एका गाठीत होती. ती खाली उतरलीच नव्हती. अर्ध्या वाटेत थांबून तिथूनच जमेल तेवढं काम करत होती आणि ते पुरं पडत नव्हतं. उंची म्हणूनच खुंटलेली. गाठ काढून टाकली असती तर उरलीसुरली ग्रंथीही गेली असती.

मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि निवासी डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याच्याकडेच बोट दाखवून म्हणाल्या, "तूच सांग त्यांना."

"म्हंजी कापायचं न्हाई?" जाऊने विचारलं. तारखेसाठी घरातून पैसे उभे करून ती आली होती.

"नाही. ही गाठ म्हणजेच हिची थायरॉईड आहे. ती जपायची. रोज एक गोळी घ्यायची, आयुष्यभर. गोळीने ग्रंथीवरचा भार कमी होईल, गाठ थोडी बारीकही होईल, आणि उंची वाढायला लागेल. दर काही महिन्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवू. फडात असलात तरी गोळी चुकवायची नाही. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाष्टा त्यानंतर अर्ध्या तासाने."

जाऊने बाईकडे पाहिलं. "फडावर आमी तीनला उठतो. तवा चुलीवर आधी चाच ठिवतो."

"चहा राहू दे चुलीवर," बाई म्हणाली. "आधी गोळी."

"मग तीनला," डॉक्टर म्हणाला, आणि एक कोरा कागद ओढून वर मुलीचं नाव लिहू लागला.